सहावं भांडं

लेम्पी मावशीकडे जेवायला जायचं म्हटलं की आमच्या घरात सगळ्यांना एकदम कामं आठवायची. ती बटाटे दोन पाण्यांत उकडायची. पहिलं पाणी खळखळून उकळलं की ओतून टाकायचं, बटाटे धुवायचे, नवीन पाणी घालून पुन्हा उकळायचे. बीट, गाजर, वाटाणे, सगळ्यांची तीच गत. ताटात पडेपर्यंत त्यांच्यात फक्त रंग उरायचा, तोही फिका. शिवाय चूल चालू असेपर्यंत खिडकी सताड उघडी. बाहेर उणे तीस असो, तळ्यावरून ट्रक जाण्याइतका बर्फ साचलेला असो, मावशीची खिडकी काही बंद व्हायची नाही, आणि आम्ही टोप्या-मफलर घालून जेवायला बसायचो. माझी आई तिची धाकटी बहीण. ती म्हणायची, "माझ्या बहिणीनं अख्ख्या तालुक्याला रांधायला शिकवलं. दिव्याखाली मात्र अंधार."

रांधायला शिकवलं हे खरंच होतं. मावशी पस्तीस वर्षं महिला मंडळाची गृहसल्लागार होती. उन्हाळ्यात सायकलवर, हिवाळ्यात पायानं ढकलायच्या घसरगाडीवर ती गावोगाव फिरायची. कुठे लग्न झालं, नवी सून घरात आली, की महिन्या-दीड महिन्यात लेम्पीबाई दारात हजर. पिशवीत एक छापील कागद. त्यावर नव्या घराला लागणाऱ्या भांड्यांची यादी, आणि यादीत भांडी पाच. झाकणाचं पाच लिटरचं पातेलं, दुधासाठी दांड्याचं छोटं पातेलं, बिडाचा तवा, भट्टीत मांस मुरवायला मातीचं भांडं, आणि कॉफीची किटली. किटलीवरून आमच्या साव्हो प्रांतात कुणी वाद घालत नाही, बाकीच्या चारांवरून मात्र तिनं सासवांशी जन्मभर भांडणं केली.

"सहावं भांडं हौस असते, मुली," ती म्हणायची. "हौस करते एक आणि घासते दुसरी. घासणारी तू."

बायकांना ती आवडायची. त्या काळी घरोघरी पणजीपासूनची काळीकुट्ट भांडी रचून ठेवलेली असत, आणि सुनेचं अर्धं आयुष्य वाळू घेऊन ती घासण्यात जाई. मावशीनं त्यातली कितीतरी उचलून मंडळाच्या मोडीत घातली. त्या मोडीवर मंडळाच्या हॉलमध्ये नवीन शेगडी आली. लोक तिला 'पाच भांडीवाली' म्हणत आणि ती ते नाव मिरवायची. तिनं स्वतः लग्न केलं नाही. का, असं विचारलं की म्हणायची, "नवरा यादीत बसत नव्हता."

दोन हजार अकराच्या मे महिन्यात, एकोणऐंशीव्या वर्षी, तिच्यावर सामान आवरायची वेळ आली. हिवाळ्यात खुब्याचं हाड मोडलं होतं. तालुक्याच्या गावात म्हाताऱ्यांसाठी बांधलेल्या इमारतीत तिला एक खोली मिळाली. कोपऱ्यात दोन चुलींची शेगडी आणि वर एक कपाट, एवढंच स्वयंपाकघर. सोमवारी तिकडे जायचं ठरलं. त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, चर्चमागच्या हॉलमध्ये मंडळानं तिच्यासाठी निरोपाची कॉफी ठेवली होती. अध्यक्षीणबाईंनी तिची ती यादी काचेच्या चौकटीत बसवून घेतली होती, आणि मावशीनं ती सगळ्यांसमोर वाचून दाखवावी असा बेत होता.

मी मंगळवारी मदतीला गेले. मला वाटलं, भांड्यांचं काम अर्ध्या तासाचं. यादी तिचीच, कपाट एकच. मी पाच भांडी टेबलावर काढून ठेवली आणि वर्तमानपत्रात गुंडाळायला लागले. तिनं पहिलं पातेलं माझ्या हातातून काढून घेतलं. मग तवा उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. किटली कपाटात परत नेऊन ठेवली. मातीच्या भांड्याच्या आत कितीतरी वेळ बघत बसली. तासाभरानं टेबलावर काहीच नव्हतं आणि माझं डोकं तापलं होतं.

"मावशी, हजार बायकांना सांगत फिरलीस काय घ्यायचं ते. आता स्वतःच्या एका कपाटाशी घोडं पेंड खातंय होय?"

"काय घ्यायचं ते मी झोपेतही सांगेन," ती म्हणाली. "काय टाकायचं तेच कळत नाही. दर वेळी वाटतं, ज्याला नको म्हणू तेच नेमकं लागेल."

"मग सगळी घे. खोलीत भांडी ठेव आणि तू बाहेर झोप."

ती हसली नाही. काठी घेऊन उठली आणि म्हणाली, "सौनाकडे चल."

मावशीचा सौना, म्हणजे वाफेची न्हाणी, परसात, तळ्याच्या काठाला. बाहेरच्या खोलीत, जिथं कपडे काढायचे तिथं, कोपऱ्यात गोणपाटाखाली एक भांडं पालथं घातलेलं असायचं. मी आठ वर्षांची असताना एकदा त्यावर बसले होते, आणि मावशीनं माझ्या थोबाडीत मारली होती. जन्मात तेवढीच. त्यानंतर त्या कोपऱ्याकडे मी बघितलंही नव्हतं. आता तिनं गोणपाट काढलं आणि ते सरळ करायला सांगितलं. दोन कड्यांचं, बिडाचं, आत एखादं मूल सहज मावेल एवढं. मी अंगानं दणकट बाई आहे, दूध संघात चाळीस-चाळीस लिटरचे कॅन ओढलेत, पण एकटीनं मला ते जागचं उचलवेना. कसंबसं लोळवून सरळ केलं. आतून लख्ख होतं, तेलाचा हात दिलेला, गंजाचा ठिपका नाही.

"दर मे महिन्यात तेल लावते," मावशी म्हणाली.

"वापरतेस कशासाठी?"

"वापरत नाही."

ती बाकावर बसली. "केर्तू, मी आत तापलेल्या दगडांवर पाणी मारते ना, तेव्हा वाफेतून एक बाई बोलते. एकच वाक्य बोलते. 'भांडं कुठंय?' अठ्ठेचाळीस वर्षं झाली. त्या बाईला जाऊनही एकोणतीस वर्षं झाली, पण विचारायचं थांबली नाही."

दुसरं कुणी हे बोललं असतं तर मी हसले असते. पण सौनात आमच्याकडे चर्चसारखं वागतात, तिथं कुणी थापा मारत नाही. मी तिच्याशेजारी बसले.

ती बाई म्हणजे हुल्दा. तळ्याच्या पलीकडच्या अंगाला, जंगलाला लागून तिचं घर. एकोणीसशे त्रेसष्टच्या मार्चमध्ये तिच्या मुलाचं, ओनीचं लग्न झालं आणि सायमी नावाची वीस वर्षांची मुलगी सून म्हणून आली. एप्रिलच्या शेवटी मावशी यादी घेऊन तिथं पोचली. परसात, सौनाच्या पायरीसमोर, तीन दगडांवर हे भांडं बसवलेलं होतं. बर्फ वितळून नुकतंच उघडं पडलेलं, बाहेरून काजळीनं काळं. त्याचं काम वर्षातून एकच. मे महिन्यात पाइनची झाडं तोडलेल्या वाळूत कानअळंबी उगवते, ती उकळायची.

कानअळंबी आमच्या इथं सगळे खातात आणि सगळे तिला वचकून असतात. तशीच खाल्ली तर माणूस मरतो. भरपूर पाण्यात दोनदा उकळायची, दोन्ही वेळा पाणी फेकून द्यायचं, धुवायची, वाफही नाकात जाऊ द्यायची नाही. मग तिच्यासारखी चव नाही. जुन्या घरांतून त्यासाठी असं एक वेगळं मोठं भांडं उघड्यावर ठेवलेलं असे, आणि त्यात दुसरं काही शिजत नसे.

"मी म्हटलं, वर्षातून दोन दिवसांसाठी एवढं धूड कशाला," मावशी सांगत होती. "हुल्दा पायरीवर बसली होती. म्हणाली, 'बाई, ते कानअळंबीचं आहे, त्याला हात लावू नका.' मी म्हटलं, 'पाच लिटरच्या पातेल्यात थोडी थोडी उकळता येते, विज्ञान आहे हे.' तिनं चारदा नको म्हटलं. मी मोजलं नव्हतं तेव्हा, नंतर मोजलं. मी ते नेऊन रस्त्यावर दुधाचे कॅन ठेवतात त्या ओट्यावर ठेवलं आणि दुधाच्या गाडीवाल्याला मंडळाच्या शेडमध्ये टाकायला सांगितलं."

"एकटीनं नेलंस? रस्ता तर शंभर पावलांवर असेल."

"तेव्हा अंगात जोर होता," मावशी म्हणाली आणि पुढं बोलू लागली.

मे महिन्याच्या मध्यावर हुल्दा बहिणीच्या आजारपणात तिच्याकडे गेली. ओनी जंगलातून बादलीभर कानअळंबी घेऊन आला. सायमीनं ती पाच लिटरच्या पातेल्यात घातली. थोडी थोडी घालायची हे तिच्या ध्यानात राहिलं नसेल, किंवा भूक लागलेला नवरा समोर बसला असेल. पातेलं गच्च भरलं आणि पाणी वरून जेमतेम बुडण्यापुरतं. तिनं उकळली, पाणी फेकलं, पुन्हा उकळली, पुन्हा फेकलं. दोनदा, बाईंनी सांगितल्याप्रमाणे. मग साय घालून रस्सा केला. तिला दिवस गेले होते, सायीच्या वासानं मळमळत होतं, म्हणून तिनं घास घेतला नाही. ओनी पोटभर जेवला. पहाटे त्याला उलट्या सुरू झाल्या. तिसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून तो कुंपण दुरुस्त करायलाही गेला. मग डोळे पिवळे झाले, आणि पाचव्या दिवशी तो गेला. चोवीस वर्षांचा होता.

पोलीस चौकशीला आले. सायमी म्हणाली, मी दोनदा उकळली. पोलिसांनी मावशीला विचारलं, तुम्ही शिकवलं होतं का? मावशी म्हणाली, हो, भरपूर पाण्यात दोनदा, कागदावर छापलेलं आहे. हे खरंच होतं. भांड्याबद्दल त्यांनी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

"मला कळलं होतं गं," मावशी म्हणाली. "त्याच क्षणी कळलं होतं. बादलीभर अळंबी, पाच लिटरचं पातेलं, म्हणजे ती खोटं बोलत नव्हती. पण मी तोंड उघडलं असतं तर यादी गेली असती, नोकरी गेली असती, मी गेले असते. मी गप्प बसले. आणि गावानं ठरवलं, दोनदा उकळली असती तर माणूस मेला नसता. म्हणजे पोरगी खोटारडी. शिवाय स्वतः खाल्ली नाही."

सायमीला खटल्याला तोंड द्यावं लागलं नाही, पण गावाची जीभ कोर्टापेक्षा लांब असते. आमच्या शाळेत म्हणायचे, 'सायमीकडे कॉफी प्यावी, जेवू नये.' हे मीही म्हटलेलं आहे, हसत हसत, कितीतरी वेळा. ते आठवलं आणि मला माझीच शिसारी आली.

"दफनाच्या वेळी हुल्दा माझ्यासमोर येऊन उभी राहिली," मावशी म्हणाली. "मला वाटलं मारेल. तिनं फक्त विचारलं, 'भांडं कुठंय?' मी दुसऱ्याच दिवशी शेडमधून ते परत आणवलं. घेऊन तिच्याकडे जायचं होतं. उद्या जाऊ, उद्या जाऊ करत इथंच राहिलं."

मग मला बटाटे कळले. खिडकीही कळली.

मी दूध संघाच्या दोन पोरांना बोलावून ते भांडं माझ्या गाडीत मागे चढवून घेतलं. मावशीला पुढे बसवलं. "आत्ता?" ती म्हणाली. "नाही, अजून अठ्ठेचाळीस वर्षांनी," मी म्हटलं. रागच आला होता मला, तिचा आणि माझाही.

सायमी अंगणात बर्चची गेल्या वर्षीची पानं दाताळ्यानं ओढत होती. अडुसष्ट वर्षांची, ताठ, डोक्याला रुमाल. हुल्दा वारल्यापासून आणि मुलगी स्वीडनला गेल्यापासून एकटीच राहायची. गाडीतून कोण उतरतंय हे तिनं बघितलं आणि ओढायचं काम पुरं केलं. मग दाताळं भिंतीला टेकवून आमच्याकडे वळली.

"बाई, रस्ता तर वीस मिनिटांचा आहे. बराच वेळ लागला."

"लागला," मावशी म्हणाली.

"आत या. कॉफी ठेवते."

तिच्या स्वयंपाकघरात मी भांडी मोजली. पाच. तिनं कपाट उघडलं तर दाराच्या आतल्या बाजूला मावशीचा छापील कागद चिकटवलेला, पिवळा पडलेला, कोपरे झिजलेले. खुंटीवर पाच लिटरचं पातेलं, इनॅमल उडालेलं.

"हे तेच?" माझ्या तोंडून निसटलं.

"मग दुसरं कुठलं असणार? यादीत पाचच आहेत." तिनं माझ्यासमोर बशीत गोड पाव ठेवला. माझा हात एक क्षण थांबला. तिच्या नजरेतून ते सुटलं नाही. "खा, केर्तू. पाव एकदाच भाजतात."

मी खाल्ला.

मावशीनं फार लांबण लावली नाही. भांडं मी नेलं, पातेलं लहान पडेल हे मला उमगायला हवं होतं, तू खोटं बोलत नव्हतीस हे मला माहीत होतं, मी गप्प बसले. एवढंच बोलली आणि काठीच्या मुठीकडे बघत राहिली.

"हे मला काय सांगता?" सायमी म्हणाली. आवाज चढला नव्हता. "दोन्ही वेळचं पाणी मी माझ्या हातानं ओतलं होतं. मला दोनपर्यंत मोजता येतं. हे गावाला सांगायचं होतं. माझ्या पोरीच्या शाळेच्या डब्याला कुणी हात लावत नव्हतं, तेव्हा सांगायचं होतं. तिनं देश का सोडला असं वाटतं तुम्हाला?"

"हुल्दाला माहीत होतं ना सगळं?" मी म्हटलं. "ती का नाही बोलली?"

"सासूबाई त्यानंतर फारशा बोलल्याच नाहीत. एकोणीस वर्षं आम्ही दोघी या टेबलाशी बसून जेवलो. दर वर्षी मे उजाडला की सौनाच्या पायरीवर जाऊन बसायच्या आणि मी जवळून गेले की विचारायच्या, 'भांडं कुठंय?' बस्स." ती खिडकीतून बाहेर बघत होती. "अजून विचारतात."

मावशीचा चेहरा पांढराफटक पडला. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं, आणि का कोण जाणे, तरीही मी विचारलं, "मग सायमीताई, तुम्ही स्वतः का नाही सांगितलंत? मोठं भांडं यांनी नेलं म्हणून?"

सायमीनं माझ्याकडे बघितलं. मग किटली उचलली. "तुझा कप रिकामा झालाय," ती म्हणाली.

निघताना मावशी म्हणाली, "भांडं गाडीत आहे."

"उतरवू नका," सायमी म्हणाली. "आधी गावात सांगा. मग आणा."

"रविवारी हॉलमध्ये सगळे येणार आहेत."

"मग मीही येते. अठ्ठेचाळीस वर्षांत मंडळाची कॉफी प्यायले नाही, बघू कशी असते."

तो आठवडा मी ते भांडं गाडीत घेऊन हिंडले. कामावर जाताना, दुकानात जाताना, प्रत्येक वळणाला मागून त्याच्या कड्या वाजायच्या. गुरुवारी मी चौकात ब्रेक मारला आणि मागून घंटेसारखा टोल पडला. मी चक्क मागं वळून म्हटलं, "इथंच आहे, इथंच आहे." त्यानंतर रेडिओ मोठा लावून गाडी चालवली.

शनिवारी दुपारी मावशीचा फोन. "केर्तू, पाय फार दुखतोय गं. उद्या काही जमेलसं वाटत नाही."

"पाय दुखतोय की जीभ?" मी ओरडले. "मावशी, तू उद्या आली नाहीस तर मी ते भांडं हॉलच्या मध्यभागी नेऊन ठेवीन आणि त्यावर चढून स्वतः बोलेन. आणि मला कसं बोलता येतं ते तुला ठाऊक आहे."

मग ती म्हणाली, "दहाला ये न्यायला. निळा ड्रेस इस्त्री करून ठेवते."

हॉल भरला होता. टेबलांवर सात प्रकारचं गोड, चांदीचे चमचे, कॉफीचा वास. सायमी दाराशेजारच्या खुर्चीवर बसली होती आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. अध्यक्षीणबाई मावशीबद्दल खूप चांगलं बोलल्या. तिनं आमच्या आयांच्या पाठी वाकण्यापासून वाचवल्या, असं म्हणाल्या. टाळ्या पडल्या. मग काचेची चौकट मावशीच्या हातात दिली.

मावशीनं यादी वाचली. पाच भांडी, एकेक करून, शाळेतल्यासारखी स्पष्ट. वाचून झाल्यावर लोक टाळ्यांसाठी हात उचलणार तोच ती म्हणाली, "अजून आहे."

आणि तिनं सांगितलं. हुल्दाचं भांडं मी नेलं. तिनं चारदा नको म्हटलं होतं. सायमीनं अळंबी दोनदा उकळलीच होती, ती पोलिसांशी खरं बोलली, गावाशी खरं बोलली. पाणी कमी पडलं, कारण भांडं लहान होतं, आणि लहान भांडं पुरतं असं मी सांगितलं होतं. मला सगळं माहीत होतं आणि मी नोकरीसाठी गप्प बसले. "तुम्ही सगळ्यांनी तिला खोटारडी म्हटलंत ते माझ्या भरवशावर," ती म्हणाली.

कुणाचा चमचा वाजला नाही. शेवटी अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "लेम्पी, किती जुनी गोष्ट आहे ही. कॉफी गार होतेय सगळ्यांची."

"होऊ दे गार," मावशी म्हणाली.

दाराजवळची खुर्ची सरकली. सायमी उभी राहिली होती.

"बाईंनी एक सांगितलं नाही," ती म्हणाली. "ते भांडं एका बाईला उचलतं का? विचारा केर्तूला."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मानेनं नाही म्हटलं.

"एक कडी बाईंच्या हातात होती. दुसरी माझ्या. मला त्या काळ्या भांड्याची लाज वाटायची. मी नवी नवरी, मला घर नवं हवं होतं. सासूबाई पायरीवर बसून नको नको म्हणत होत्या, आणि आम्ही दोघींनी दुधाच्या ओट्यापर्यंत ते नेलं, दोनदा खाली ठेवलं, आणि हसत होतो. मी जास्त हसत होते. मला गावानं खोटारडी म्हटलेलं चाललं. हे सांगणं नाही जमलं."

"सायमी, हे सांगायची गरज नव्हती," मावशी म्हणाली.

"मलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं," सायमी म्हणाली.

म्हणजे मावशीनं चौकशीत तोंड उघडलं असतं तर सायमीचीही कडी बाहेर आली असती. दोघींनाही ते ठाऊक होतं. एकमेकींचं तोंडही न बघता दोघींनी ते एकच भांडं इतकी वर्षं धरून ठेवलं होतं. मी नंतर मावशीला विचारलं, तू तिच्यासाठी गप्प होतीस का? ती म्हणाली, "नाही, माझ्यासाठी. तिचं नाव मी सबबीला वापरत होते, मनातल्या मनात." सोमवारी तिनं पाच भांडी दहा मिनिटांत निवडली, पण ते नंतरचं.

त्या रविवारी हॉलमधून आम्ही थेट सायमीच्या घरी गेलो. सौनासमोर ते तीन दगड होते तसेच होते, शेवाळ चढलेले. भांडं उतरवायला शेजारच्या शेतावरून माणूस बोलावू का, असं मी विचारलं. सायमी नको म्हणाली. तिनं एक कडी धरली, मी दुसरी. मावशीनं काठी गवतात टाकली आणि माझ्या हातावर आपला हात ठेवला. तिचा भार भांड्यापेक्षा जास्त मलाच होत होता, पण मी काही बोलले नाही. दोनदा खाली ठेवलं. कुणी हसलं नाही. मग ते दगडांवर बसलं. थोडं डुगडुगलं आणि आपल्या जुन्या जागी नीट टेकलं.

सायमीनं हात ॲप्रनला पुसले. सौनाच्या पायरीकडे तोंड केलं आणि घरातल्या माणसाशी बोलावं तशा आवाजात म्हणाली, "सासूबाई, भांडं इथंय."

आम्ही वाट बघत उभ्या राहिलो. मावशीचा पाय थरथरत होता, बसायला हुल्दाची ती पायरी दोन पावलांवर होती. पण तिथं कुणीच बसलं नाही.